कंबोडियाची चुलत बहीण रावेरच्या पलीकडे

हे वाक्य जरा मोठ्यानं वाचा : 'जळगाव नि इकिमास का?'

निम्मं तरी कळलं ना? 'जळगाव' आपलं आणि शेवटचा 'का'सुद्धा आपलाच वाटतो. पण वाक्य आहे जपानी! अर्थ काय, तर 'जळगावला जाता का?' 'नि' म्हणजे 'ला', 'इकिमास' म्हणजे 'जाता' आणि 'का' म्हणजे चक्क 'का'. प्रश्न विचारायचा असला की जपानी माणूस वाक्याच्या शेवटी 'का' लावतो, अगदी तुमच्या-आमच्यासारखा.

जपानी पाहुणे जळगावला येतातही बरं का! अजिंठ्याची लेणी शेजारच्या जिल्ह्यात आहेत, पण आगगाडीनं येणाऱ्याला जवळचं मोठं स्टेशन जळगावच. तिथून लेणी साठेक किलोमीटरवर. लेण्यांच्या भागातले रस्ते आणि सोयी सुधारायला जपाननं कर्ज दिलं होतं. असा एखादा पाहुणा गाडीतून उतरला आणि त्याला मराठी शिकायची हौस असली, तर त्याचं काम पुष्कळ सोपं आहे. कारण त्याच्या भाषेत शब्द लागतात ते जवळपास आपल्याच क्रमानं. 'जळगाव नो एकि' म्हणजे जळगावचं स्टेशन. 'जळगाव कारा' म्हणजे जळगावहून. 'जळगाव मादे' म्हणजे जळगावपर्यंत. बघा, 'चं', 'हून', 'पर्यंत' हे सगळे नावाच्या मागून येतात, आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही. 'छान आहे ना?' असं आपण म्हणतो, ते म्हणतात 'ई देस ने?' आपला 'ना', त्यांचा 'ने'. दोघांनाही समोरच्याकडून 'हो' ऐकायचं असतं.

आणि क्रियापद? भुसावळच्या यार्डात मालगाडीच्या अगदी शेवटी गार्डाचा डबा असतो, तसं ते वाक्याच्या शेवटी. अहिराणीत आपण म्हणतो, 'मी भाकर खास.' जपानी मुलगा म्हणेल, 'वाताशि वा पान ओ ताबेमास.' वाताशि म्हणजे मी, पान म्हणजे पाव, ताबेमास म्हणजे खातो. मी, पाव, खातो. क्रम तोच!

थांबा, तो 'पान' सोडू नका. जपानीत पावाला 'पान' म्हणतात, आणि आपला 'पाव' नि त्यांचा 'पान' हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांच्या जहाजांतून उतरले. एक गोवा-वसईकडे उतरला, दुसरा थेट जपानला. वडापाव खाताना आठवलं तर आठवा.

आता दुसरं वाक्य. 'खन्योम तेउ साला.'

ही ख्मेर भाषा. आग्नेय आशियातल्या कंबोडिया देशाची. खन्योम म्हणजे मी, तेउ म्हणजे जाणं आणि साला म्हणजे... ओळखलंत? शाळा! पण क्रम बघा. 'मी जाते शाळा.' क्रियापद मधेच घुसलं. 'मी भात खातो' हे ख्मेरमध्ये 'खन्योम न्याम बाय' होतं, म्हणजे 'मी खातो भात'. 'मध्ये', 'हून' असले शब्दही तिथे नावाच्या आधी येतात. सगळा कारभार उलटा.

ख्मेरची एक गोष्ट मात्र धुळ्या-अमळनेरच्या मुलांना भारी आवडेल. प्रमाण मराठीत 'मी जातो, मी जाते, तू जातोस, तो जातो, ती जाते' असं क्रियापद सारखं कपडे बदलतं. अहिराणीत? मी जास, तू जास, तो जास, ती जास. झालं! ख्मेर याच्याही पुढे गेली आहे. कोणीही जावो, एकटा जावो की दहा जण जावोत, काल जावो की उद्या, 'तेउ' ते 'तेउ'च. काळ कळायला एखादा जादा शब्द शेजारी ठेवतात. कोणी अहिराणीला 'अशुद्ध' म्हणून हसलं, तर त्याला विचारा, जपानी नि ख्मेरही अशुद्ध का? जपानीतही 'मी', 'तू', 'तो' कोणीही असो, क्रियापद तसंच राहतं.

पण म्हणून ख्मेर सोपी असं समजू नका हं. नुसतं 'खाणं' घ्या. जनावर खातं ते 'सी'. तुम्ही-मी खातो ते 'न्याम'. मोठ्या माणसांना आदरानं विचारायचं तर 'पिसा'. बौद्ध भिक्षू जेवतात ते 'छान', आणि राजा जेवतो ते 'साओय'. चुकून भिक्षूला 'सी' म्हणालात तर संपलंच! जपानीतही 'ताबेरु' म्हणजे खाणं, पण पाहुण्याला म्हणायचं 'मेशिआगारु'. आपल्याकडे आई चिडली की 'गिळ', एरवी 'खा' आणि पाहुण्यांना 'जेवायला बसा'. तिन्ही भाषांना ताटावरून माणसाचा मान कळतो.

आता केळ्यांकडे वळू. जळगावच्या माणसाशी बोलताना केळं टाळून चालतच नाही. जपानी माणूस नुसतं 'तीन केळी' म्हणत नाही. लांबट वस्तू मोजायचा त्यांचा वेगळा शब्द आहे, 'होन'. पेन्सिली, छत्र्या, केळी, सगळं होननं मोजायचं. कागदासारख्या पातळ वस्तूंना 'माइ', पुस्तकांना 'सात्सु', छोट्या प्राण्यांना 'हिकि'. ख्मेरमध्येही असे मोजायचे शब्द आहेत. माणसं मोजताना 'नेआक' लागतं. हसू नका, आपणही 'तीन जण आले' म्हणतोच की! तीन जण केळी मात्र म्हणत नाही.

केळ्यांचा घड उतरवला की त्याच्या फण्या सुट्या करतात. फणी म्हणजे केस विंचरायची फणी आणि फणी म्हणजे केळ्यांचीही, कारण दोन्हींचे दाते सारखे रांगेत. ख्मेरमध्ये केस विंचरणं म्हणजे 'सित' आणि केळ्यांची फणी म्हणजे 'स्नित'. जळगावपासून इतक्या लांबच्या माणसांनाही केळ्यांत तेच दिसलं! आणि त्या शब्दाच्या पोटात शिरलेला 'न' पाहिलात? आपण शब्दाच्या पुढे-मागे जोडणी करतो, ख्मेर ती मधोमध करते. 'दाएर' म्हणजे चालणं, 'दाम्नाएर' म्हणजे प्रवास. 'काएत' म्हणजे जन्माला येणं, 'काम्नाएत' म्हणजे जन्म. शब्द मधून उघडायचा, आत अक्षरं भरायची, पुन्हा बंद.

मघाशी 'साला' म्हणजे शाळा झाली. असे शब्द ख्मेरमध्ये पोत्यानं सापडतात. शिक्षक म्हणजे 'क्रू', आपला गुरू. भाषा म्हणजे 'फिआसा'. ते जगप्रसिद्ध अंकोर वाट देऊळ आहे ना, त्यातलं 'अंकोर' म्हणजे आपलं 'नगर'. त्यांच्या जुन्या पंचांगातले महिने वाचा : चेत, पिसाक, आसाथ, स्राप, कादेक, फालकुन. ही यादी तुम्हाला घरी पाठ असेल, उच्चार थोडे घासून गुळगुळीत झालेत इतकंच.

वारांची गंमत तर आणखी मोठी. मंगळवारी चतुर्थी आली की एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला गर्दी उसळते. त्या चतुर्थीला आपण 'अंगारकी' म्हणतो. का? अंगारक म्हणजे मंगळ, निखाऱ्यासारखा लाल ग्रह. कंबोडियात मंगळवाराचं नाव आहे 'अंकिआ', तोच अंगार! आणि जपानीत मंगळवार म्हणजे 'कायोबि'. यातला 'का' म्हणजे विस्तव. (हा 'का' वेगळा, प्रश्नाचा नव्हे.) ख्मेरमध्ये हे नाव भारतातून गेलं, जपानमध्ये चीनमार्गे आलं. तिन्ही ठिकाणी मंगळवारी आग.

आता लिपी. ख्मेर अक्षरं पाहिलीत तर वाटेल, कोणीतरी जिलब्या पाडल्यात. पण त्यांचा क्रम क, ख, ग, घ, ङ असाच आहे, पुढे च, छ, ज, झ, ञ. दक्षिण भारतातल्या पल्लव राजांच्या काळातली लिपी समुद्र ओलांडून तिकडे गेली आणि तिचीच पुढे ख्मेर लिपी झाली. पल्लव लिपी निघाली ब्राह्मीतून आणि आपली देवनागरीही ब्राह्मीतूनच. ब्राह्मी अक्षरं बघायची असतील तर अजिंठ्याला जा, तिथल्या भिंतींवर ती कोरलेली आहेत.

जपानी अक्षरं मात्र चिनी चित्राक्षरांपासून बनली. त्यांचा आपल्याशी काय संबंध? आता जपानी मुलं शाळेत जी बाराखडी घोकतात ती ऐका : अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. जवळपास आपलाच क्रम! फक्त दोन ठिकाणी घोटाळा दिसतो. 'च'च्या जागी 'स' आहे आणि 'प'च्या जागी 'ह'. पण फार जुन्या जपानीत त्या 'स'चा उच्चार 'च'च्या जवळचा होता आणि 'ह'चा उच्चार 'प' होता. पुरावा हवा? मघाचं केळं मोजा. दोन केळी 'निहोन', पण एक केळं 'इप्पोन'. जुना 'प' तिथे अजून लपून बसलाय. तो क्रम तिकडे नेला बौद्ध भिक्षूंनी. मंत्र नीट उच्चारता यावेत म्हणून ते 'सिद्धम्' नावाची भारतीय लिपी शिकत, आणि तीही ब्राह्मीचीच नात. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला होता. ७५२ साली नारा शहरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्याच हातून झाला.

कंबोडियात सांबोर नावाच्या ठिकाणी एक शिलालेख सापडला, जुन्या ख्मेर भाषेतला. त्यावर साल कोरलंय ६०५. पण हे इसवी सन नाही, हे आहे शके! तेच शके, जे तुमच्या घरातल्या कॅलेंडरवर गुढीपाडव्याला बदलतं. शकेत ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे ६८३. आणि त्या ६०५ मधलं शून्य एका टिंबानं दाखवलंय. जगात सापडलेल्या अगदी जुन्या शून्यांपैकी ते एक. आपल्या चाळीसगावजवळ पाटणादेवीलाही असाच एक दगड आहे, १२०७ सालचा. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याची हकिकत त्यावर आहे. लेख संस्कृतात, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत. काळ मोजायची पद्धत शकेचीच. गणिताच्या मठाचा दगड इथे, शून्याचा दगड तिथे आणि दोन्हींवर एकच कालगणना.

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, मग ठरलं तर! जपानी आपली बहीण, कारण वाक्य आपल्यासारखं. ख्मेर आपली बहीण, कारण शब्द आपल्यासारखे. खरं उत्तर : दोघीही नाहीत.

शब्द उसने मिळतात. बाराखडी उसनी मिळते. वाक्याचा क्रमही शेजाऱ्यांचा पाहून बदलतो, नाहीतर निव्वळ योगायोगानं जुळतो. म्हणून दोन भाषा नात्यातल्या आहेत का हे बघताना भाषेचे अभ्यासक आधी घरगुती शब्द काढतात : हात, डोळा, पाणी, मूल आणि एक ते दहा आकडे. हे शब्द सहसा कोणी उसने घेत नाही. (सहसा म्हटलं हं! जपान्यांनी आपले आकडेसुद्धा चिन्यांकडून घेतले. इचि, नि, सान हे सगळे चिनी. त्यांचे जुने आकडे हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु.) शिवाय एक-दोन शब्द जुळून भागत नाही, फरकसुद्धा नियमानं पडावा लागतो. संस्कृतात सप्त, फारसीत हफ्त. संस्कृतात सिंधू, फारसीत हिंदू. 'स' गेला की 'ह' येणार, हा नियम. म्हणून 'सप्ताह' आणि 'हप्ता' हे सख्खे नातेवाईक.

आता आकडे मोजा. ख्मेरमध्ये एक ते चार : मुय, पी, बेइ, बुअन. पाच म्हणजे 'प्राम'. मग सहाला नवा शब्द शोधायचे कष्ट कोण घेतो? प्राम-मुय, म्हणजे पाच-एक! प्राम-पी सात, प्राम-बेइ आठ, प्राम-बुअन नऊ. हाताच्या पाच बोटांवर अख्खी यादी.

हे चार आकडे घेऊन आता भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसू. सावदा गेलं, रावेर गेलं, राज्याची हद्द संपली आणि बऱ्हाणपूर आलं. तिथून सातपुड्याच्या डोंगरांत शिरलं की कोरकू लोकांची गावं लागतात. इकडे बऱ्हाणपूर-खांडवा, तिकडे मेळघाटातलं धारणी, चिखलदरा. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांहून जास्त होते. त्यांच्या मुलाला म्हणा, मोज. तो मोजेल : मिया, बारी, अफाय, उफुन.

मुय, मिया. बेइ, अफाय. बुअन, उफुन. कान टवकारले ना? 'पी' आणि 'बारी' जुळत नाहीत असं वाटतं, पण ख्मेरमध्ये 'पी' लिहिताना शेवटी 'र' लिहितात, फक्त म्हणत नाहीत! जुन्या शिलालेखांत तो 'र' आहेच. पाण्याला कोरकूत 'डा', ख्मेरमध्ये 'तिक'. झारखंडच्या संथाली भाषेत पाणी 'दाक्', आता मधला दुवा दिसला. हात कोरकूत 'ती', ख्मेरमध्ये 'दाय', व्हिएतनामीत 'ताय'. आणि मुलगा कोरकूत 'कोन'. ख्मेरमध्ये मूल म्हणजे 'कोउन', व्हिएतनामीतही 'कोन'. तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, मधे अख्खा बंगालचा उपसागर, आणि आई लेकराला हाक मारते ती एकाच शब्दानं!

म्हणजे ख्मेरची चुलत बहीण आपल्या शेजारीच राहते. या कुटुंबाचं नाव ऑस्ट्रोएशियाटिक. संथाली, मुंडारी, मेघालयातली खासी, निकोबारी, व्हिएतनामी, ख्मेर, सगळ्या त्यातल्याच. आणि या अख्ख्या कुटुंबातली सर्वांत पश्चिमेची भाषा कोरकू. इतक्या लांब ती आली कशी? अनेक अभ्यासकांना वाटतं, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियातून काही लोक भारताच्या पूर्व किनाऱ्याकडे आले आणि मग हळूहळू आत सरकले. समुद्रानं आले की डोंगरांतून, यावर वाद चालू आहे. आणखी एक मजा : कोरकू वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखं, जपानीसारखं. नात्यातल्या ख्मेरसारखं नाही! शेजार इकडचा, म्हणून चाल इकडची. मूळ मात्र तिकडचं.

आता एक सापळा. कोरकूत डोळा म्हणजे 'मेद', जपानीत 'मे'. कोरकूत हात 'ती', जपानीत 'ते'. अरेच्चा! मग जपानीही त्याच घरातली? पुढचे शब्द काढा. पाणी : डा आणि मिझु. नाक : मू आणि हाना. तीन : अफाय आणि मित्त्सु. सगळं फिसकटलं. दोन शब्दांवर भाळलात तर फसलात. जपानीला नातेवाईक म्हणावेत अशा फक्त ओकिनावाकडच्या बेटांवरच्या भाषा. बाकी कोणाशी तिचं नातं पक्कं सिद्ध झालेलं नाही.

अशी एकटी भाषा आपल्याकडेही आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुका आहे (आपलं जळगाव नव्हे, त्यामुळे पत्रं नेहमी चुकतात म्हणे). तिथल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत निहाली भाषा बोलतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार, आणि तेही बहुतेक कोरकूशेजारीच राहणारे. निहालीत दोन म्हणजे 'इरार' आणि तीन म्हणजे 'मोथो'. हे दक्षिणेकडच्या भाषांतून आलेले दिसतात, तमिळमध्ये दोनला 'इरंडु' म्हणतात. कोरकूचे शब्द तर तिच्यात ढिगानं आहेत. पण उसनं सगळं बाजूला काढलं की खाली उरतात ते शब्द जगातल्या कुठल्याच भाषेशी जुळत नाहीत. डोळा 'जिकित'. पाणी 'जोप्पो'. एक म्हणजे 'बीदुम'.

ना मराठीशी, ना कोरकूशी, ना ख्मेरशी, ना जपानीशी. मोठमोठ्या अभ्यासकांनी शब्दांच्या याद्या करून पाहिल्या, पण 'बीदुम'चा भाऊ अजून कोणाला सापडलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडला, तर आधी आम्हाला कळवा. पोस्टकार्ड चालेल.